कर्ता माहीत आहे, लिहू नये

मिरजेच्या कृष्णाकाठ सार्वजनिक वाचनालयात सात पुस्तकांच्या कार्डांवर लाल शाईचं एकेक टिंब होतं. ती टिंबं मालन सुतार यांनी दिलेली. मालनबाई तिथं एकतीस वर्षं ग्रंथपाल होत्या. पुस्तकावर लेखकाचं नाव नसलं की बाकीचे ग्रंथपाल कार्डावर ‘अनामिक’ लिहितात आणि चहाला जातात. मालनबाईंना ते पटत नसे. पुस्तक कुणी लिहिलं ते त्यांना बहुतेक वेळा पक्कं ठाऊक असे. गावात काय लपतंय? पण लिहिणाऱ्यानं नाव झाकलं असेल तर आपण ते उघडायचं नाही, आणि माहीत असताना ‘माहीत नाही’ असं खोटंही लिहायचं नाही, असा त्यांचा कायदा. म्हणून नावाची ओळ कोरी आणि कोपऱ्यात लाल टिंब. त्याचा अर्थ एवढाच : कर्ता माहीत आहे, लिहू नये.

श्रेणिक मगदूमनं बावीस वर्षांचा असताना ही सगळी कार्डं संगणकावर घेतली. त्यासाठीचा प्रोग्रॅम त्यानं स्वतःच लिहिला होता, नाव ‘ग्रंथदीप’. मालनबाई शेजारी खुर्ची ओढून बसायच्या.

“बाई, सात पुस्तकांसाठी वेगळा रकाना करू?” त्यानं कुरकुर केली होती.

“सातच आहेत म्हणून सांगायला लागतंय. सातशे असती तर तुझं तुलाच सुचलं असतं.”

रकाना झाला. पुढं मालनबाई निवृत्त झाल्या, वारल्या. श्रेणिकच्या डोक्यावरचे केस गेले, ग्रंथदीप मात्र चालत राहिला. सत्तेचाळिसाव्या वर्षी, म्हणजे सन २०४१ मध्ये, श्रेणिक त्या वाचनालयाचा ग्रंथपालही होता आणि त्या म्हाताऱ्या प्रोग्रॅमचा वैद्यही.

त्याच वर्षी राज्य ग्रंथसूची मंडळाचं नवं मानक आलं.

जुनी तालिका पुस्तकाची नोंद ठेवायची : नाव, लेखक, वर्गांक, कुठल्या कपाटात. नव्या मानकाला पुस्तकाशी फारसं देणंघेणं नव्हतं. त्याला हवी होती नाती. हा मजकूर कुणाचा, त्या माणसानं आणखी काय लिहिलं, तो कुणाचा कोण, कुठं जगला. प्रत्येक माणसाला एक क्रमांक, आणि प्रत्येक मजकुराची दोरी कुठल्या तरी क्रमांकाला बांधलेली. याला कारणही होतं. मागच्या पंधरा वर्षांत यंत्रांनी लिहिलेल्या मजकुराचा इतका गाळ साचला होता, की माणसाचं लिहिलेलं कुठलं हे सांगणं मुश्कील झालं होतं. तेव्हा मंडळानं ठरवलं, जिवंत किंवा मेलेला एक माणूस मागे उभा असेल तरच तो मजकूर माणसाचा. कर्त्याची जागा कोरी ठेवायची नाही.

जिथं नाव नाही तिथं ते शोधायला ‘कर्तावेध’ होता. आपण लांबून, पाठमोरा माणूस नुसत्या चालीवरून ओळखतो ना, तसं तो लिखाण ओळखायचा. माणूस मोठे शब्द विचार करून वापरतो, पण बारीकसारीक शब्द त्याच्या नकळत पडत जातात. कुठले किती वेळा पडतात, वाक्य किती लांबल्यावर श्वास घेतं, रागात आखूड होतं की पसरतं, अशा चार-पाच हजार खुणा तो मोजायचा. मग त्या जुनी पत्रं, अर्ज, शाळांचे अंक असल्या हातच्या कागदांशी ताडून बघायचा. दोन-तीन पानं मिळाली तरी त्याला पुरत. तो क्वचितच चुकायचा, आणि खरी पंचाईत तीच होती.

सहा महिन्यांत ग्रंथदीप नव्या मानकात बसवा, नाहीतर वाचनालयाची मान्यता जाईल, असं पत्र आलं. श्रेणिक कामाला लागला. एकेका जुन्या रकान्याला नव्यात जागा शोधून द्यायची, असं ते काम. बेचाळीस रकाने बिनबोभाट बसले. त्रेचाळिसावा लाल टिंबाचा. त्याला जागाच नव्हती. मानकात कर्त्यापुढं दोनच शब्द होते, ‘ज्ञात’ आणि ‘अज्ञात’. माहीत आहे पण सांगायचं नाही, अशी अवस्था माणसाच्या आयुष्यात असते हे ते मानक बनवणाऱ्यांच्या गावीही नव्हतं.

श्रेणिकनं दोन दिवस विचार केला. ‘अज्ञात’ टाकावं तर पुस्तक सरळ कर्तावेधच्या तोंडी जाणार. म्हणून त्यानं ‘ज्ञात’ टाकलं आणि नाव कोरं ठेवलं. आपल्याला ठाऊक आहे म्हटल्यावर यंत्र कशाला शोधायला येतंय, असा त्याचा हिशेब. शिवाय ते खोटंही नव्हतं. मालनबाईंना आवडलं असतं. तो स्वतःवर खूश झाला.

करायला गेला गणपती आणि झाला मारुती. मानकाच्या परिशिष्टात एक नियम होता, तो त्यानं वाचला नव्हता. ‘अज्ञात’ पुस्तकं रांगेत जात, आणि रांग बारा लाखांची होती. वर्ष-दोन वर्षं कुणी ढुंकून पाहिलं नसतं. ‘ज्ञात’ पण बिननावाची नोंद मात्र अपुरी समजली जाई, आणि अपुरी नोंद कर्तावेध तातडीनं पुरी करी. वाचनालयाला नाव ठाऊक आहे म्हणतात, तर त्या वाचनालयाच्याच कागदांत आधी शोधा, असं त्याचं तर्कट. आणि कागद तयारच होते. आदल्या वर्षी श्रेणिकनंच मोठ्या हौसेनं वाचनालयाच्या पन्नास वर्षांच्या सूचना-वह्या स्कॅन करून ठेवल्या होत्या. ‘अमुक पुस्तक मागवावे’, ‘पंखा दुरुस्त करावा’, ‘महिलांच्या बाकाजवळ दिवा हवा’ असं वाचकांनी सहीनिशी लिहिलेलं सगळं त्यात होतं.

अकराव्या दिवशी सकाळी सातांपैकी चार पुस्तकांना नावं आली. एक मेलेला तलाठी, एक शाळामास्तर, एक डॉक्टरांची बायको. चौथं पुस्तक ‘सोलापूरचं तिकीट’, आत्मकथन, पृष्ठं चौऱ्याऐंशी. कर्ता : पद्मावती आदिनाथ मगदूम. खात्री शेकडा सत्त्याण्णव.

पद्मावती मगदूम म्हणजे श्रेणिकची आई. बाकीच्या तिघांच्या घरी काय होईल हे त्या वेळी त्याच्या मनातही आलं नाही.

तो कपाटाकडं गेला. पुस्तक जागेवर होतं. कार्डं संगणकावर घेताना त्यानं ते एकदा वाचलं होतं. एक बाई आपल्या सहा वर्षांच्या मुलीला एसटी स्टँडवर सोडून देते. डी.एड. झालेली बाई, सोलापूरच्या शाळेतून नेमणुकीचं पत्र आलेलं, सासरे म्हणतात चूल सोडून जायचं नाही, नवरा भला पण तोंड न उघडणारा. स्टँडवरच्या कँटीनवालीला ती म्हणते, “पोरीकडं बघा जरा, आले मी,” आणि सोलापूरच्या गाडीत बसते. सांगोल्याला उतरते. रात्रभर तिथल्या बाकावर बसून सकाळी परत येते. पोर तिथंच असते, कँटीनवालीनं दिलेली खारी खात. ‘ती रडली नव्हती. रडली असती तर मला बरं वाटलं असतं,’ असं शेवटच्या पानावर आहे.

तेव्हा त्याच्या लेखी, पुस्तकात लिहिल्याप्रमाणं, पोर मुलगी होती आणि गाव कराड होतं. आता श्रेणिकनं उभ्या उभ्या पुन्हा वाचलं. कँटीनवालीच्या हातातल्या हिरव्या बांगड्या आणि खारीचा पत्र्याचा डबा आला तिथं त्यानं ते पान पुन्हा वाचलं. तो डबा त्याला आठवत होता. चौथ्या वर्षातली दुसरी कुठलीच गोष्ट त्याला आठवत नव्हती.

मगदुमांच्या घरात ही गोष्ट निराळी सांगत. श्रेणिक चार वर्षांचा असताना मिरजेच्या स्टँडवर हरवला, आणि आई एक रात्र, एक दिवस पाण्याचा थेंब न घेता त्याला शोधत फिरली. मावशीनं त्याच्या लग्नात, हळदीच्या दिवशी, शंभर माणसांत ती सांगितली होती आणि बायका डोळे पुसत होत्या. दहावीला नापास झाला तेव्हा, पहिली नोकरी गेली तेव्हा, श्रेणिकनं मनातल्या मनात हीच गोष्ट धरून ठेवली होती. आपल्यासाठी कुणीतरी रात्रभर वणवण फिरलं आहे, म्हणजे आपण अगदीच टाकाऊ नाही.

त्यानं मंडळात फोन लावला. घारपुरे नावाच्या बाई होत्या, आवाज गोड.

“मॅडम, एक नोंद मागं घ्यायची होती.”

“कर्ता चुकलाय का?”

“नाही. म्हणजे... तसं म्हणता येणार नाही.”

“मग मागं कशी घेणार, सर? चुकीची नोंद मागं घ्यायचा अर्ज आहे. बरोबर नोंदीचा नाही.”

“पण लेखिकेला नाव नको असलं तर?”

“मानकात ‘नको’ असा पर्याय नाहीये. ‘मी लिहिलं नाही’ असा आहे. व्यक्ती हयात असेल तर तिनं स्वतः तीस दिवसांत नाकारायचं. नाहीतर नोंद जाहीर होते.”

जाहीर म्हणजे काय हे श्रेणिकला चांगलं माहीत होतं. तालिका आता कुणी वाचनालयात येऊन बघत नसे. घराघरातली बोलकी यंत्रं तिच्यातूनच उत्तरं देत. उद्या भाचीनं सहज विचारलं, आमच्या आजीबद्दल सांग, तर यंत्र आधी हे पुस्तक सांगेल, आणि मागोमाग पुस्तकातलं पोर कोण तेही जुळवून देईल. नातीच तर जोडायची होती त्याला.

मगदूम जैन, सूर्य मावळायच्या आत जेवणारे. साडेपाचला आईनं ताटं घेतली. बायको माहेरी गेलेली, घरात दोघंच. आई बहात्तर वर्षांची, अजून भाकरी स्वतः थापायची.

“आई, ‘सोलापूरचं तिकीट’ म्हणून एक पुस्तक आहे,” श्रेणिक ताटाकडं बघत म्हणाला.

आईचा हात परातीत थांबला. मग तिनं भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं, उलटली.

“मालननं सांगितलं तुला?”

“मालनबाई जाऊन सात वर्षं झाली, आई.”

“मग?”

त्यानं सांगितलं. टिंब, मानक, सूचना-वह्या, सगळं. आपण केलेली चूकही सांगितली. आईनं शांतपणे ऐकलं.

“दिवा मागितला होता मी,” ती म्हणाली. “बायकांच्या बाकापाशी. त्यावरनं ओळखलं व्हय?”

“आई, मी हरवलो नव्हतो का?”

“नाही. ठेवला होता मी तुला.”

इतक्या सरळ उत्तराची त्याची तयारी नव्हती.

“मग ती गोष्ट?”

“परत आले तर तुझे आजोबा दारात उभे. पोराला घेऊन रात्रभर कुठं होतीस म्हणाले. हरवला होता, सापडला, म्हटलं. तेवढंच म्हटलं मी. पुढचं सगळं त्यांनीच लावलं. पाणी प्याले नाही, का अनवाणी फिरले, का काय. सगळ्यांनी मिळून मला देव्हाऱ्यात बसवलं. मग बोलायचं कुणाशी?” तिनं गॅस बंद केला. “पाच वर्षं मला अन्न गोड लागलं नाही, श्रेणिक. मालननं ओळखलं. लिही म्हणाली. दुपारी तिच्या टेबलापाशी बसून लिहिलं. लिहून झालं त्या दिवशी घरी येऊन दोन भाकऱ्या खाल्ल्या.”

“आई, तीस दिवसांत नाही म्हणता येतं. एक आकडा येतो फोनवर, तो द्यायचा. मी लिहिलं नाही, एवढंच.”

“खोटं?”

“यंत्राला तर सांगायचंय.”

“तुला कळलंच की आता. यंत्राला खोटं सांगून कुणापासून लपवतोस?”

“लोक आहेत, आई. मावशी आहे. समाज आहे. काय म्हणतील? झाकली मूठ सव्वा लाखाची असते.”

“तू काय म्हणालास ठाऊक आहे?” आई त्याच्या समोर बसली. “ते पुस्तक वाचून आला होतास. इथंच जेवायला बसला होतास. म्हणालास, असल्या बाईला आई तरी कसं म्हणायचं. मी तुला वाढत होते.”

श्रेणिकला ते आठवत नव्हतं. पण आपण तसं म्हणालो असणार याबद्दल त्याला शंका वाटली नाही.

“त्याच्याहून वाईट कोण काय बोलणार आहे मला?” ती म्हणाली. “येऊ दे नाव. चौऱ्याऐंशी पानं आहेत. मी जन्मात तेवढं एकच खरं बोलले. घरात त्याची एक प्रत नाही, कुठं ठेवणार होते? निदान तिथं तरी नाव असू दे.”

नंतरचे दिवस दोघं घरात नेहमीसारखे वागत राहिले. औषधं आणली, भाजी आणली, विजेचं बिल भरलं. श्रेणिकला आईचा राग येत होता, आणि आपल्याला राग येतोय याची लाज वाटत होती. लहानपणी आपण रडलो नाही, हे त्याला सगळ्यात जास्त छळत होतं. म्हणजे ती गेल्याचं आपल्याला कळलंच नव्हतं, की कळूनही तिथंच बसलो होतो? रात्रभर एका परक्या बाईच्या डब्यातलं खात? आईला विचारावं असं वाटे, पण तिलाही ते ठाऊक असायचं कारण नव्हतं. ती तिथं नव्हती.

आपल्याकडं घरातल्या म्हाताऱ्या माणसांचे सगळे आकडे लेकाच्या फोनवर येतात. गॅसचा, बँकेचा, दवाखान्याचा. कुणी त्यात काही वावगं मानत नाही. म्हाताऱ्यांना दिसत नाही, जमत नाही, लेक करतो. तिसाव्या दिवशी, सोळा तारखेला, दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी श्रेणिकनं आईच्या नावानं ‘मी लिहिलं नाही’ हा पर्याय दाबला. आकडा त्याच्या फोनवर आला. त्यानं तो घातला. आपण हे आईसाठी करतोय, असं त्यानं स्वतःला दोनदा सांगितलं, आणि दोन्ही वेळा ते त्याला पटलं नाही.

पुढचं यंत्रानं केलं. कर्त्याची जागा कोरी राहू शकत नव्हती. पहिल्या नावानं नाकारलं की दुसरं. दुसरं नाव होतं मालन सुतार. हस्तलिखितावर त्यांनीच हात फिरवला होता, त्यामुळे त्यांची चाल अधूनमधून दिसत होती. मेलेल्या माणसाला हरकत घेता येत नाही. पण मालन सुतार यांनी लग्न केलं नव्हतं, त्यांना मूलबाळ नव्हतं. तेव्हा हे आत्मकथन असणं शक्य नाही, असं यंत्रानं ताडलं आणि वर्गांकही बदलला. संध्याकाळपर्यंत ‘सोलापूरचं तिकीट’ ही मालन सुतार यांची कादंबरी झाली. मुलगी काल्पनिक, स्टँड काल्पनिक, परत येणंही काल्पनिक. मुदतीनंतर असलं काही दुरुस्त होत नाही, हे घारपुरे बाईंनी दुसऱ्या दिवशी त्याला गोड आवाजात सांगितलं.

त्यानं आईला काही सांगितलं नाही. योग्य वेळ बघू म्हणत चार दिवस गेले.

पाचव्या दिवशी सकाळी अकरा वाजता आई रिक्षा करून वाचनालयात आली. इरकली नेसलेली, केस नीट बसवलेले. श्रेणिक आतल्या खोलीत होता. देवघेवीच्या टेबलावर दीक्षा होती, सहा महिन्यांपूर्वी लागलेली मुलगी. तिनं आजींना ओळखलं नाही.

“एका पुस्तकावर नाव आलंय का बघायचंय,” आई म्हणाली. “सोलापूरचं तिकीट.”

दीक्षानं पाहिलं. “आलंय की आजी. मालन सुतार. कादंबरी आहे ही.”

“नाही, दुसरं नाव असंल. पद्मावती मगदूम.”

आवाज ओळखून श्रेणिक बाहेर आला तेव्हा दीक्षा पडद्यावरचं वाचत होती. “हां, होतं ते नाव आधी. पण त्या बाईंनी स्वतःच नाकारलंय. सोळा तारखेला, चार दहाला. कायमचं.”

“कायमचं म्हणजे?”

“माणसानं एकदा स्वतः नाही म्हटलं की परत लावता येत नाही, आजी.”

आईनं वळून श्रेणिककडं पाहिलं. आपले आकडे कुणाच्या फोनवर येतात हे तिला कुणी सांगायला नको होतं. श्रेणिकला वाटलं, आता ती सगळ्यांसमोर बोलेल, आणि बोलली तर बरं होईल. वाचणारे दोघं-तिघं मान वर करून बघत होते. तिचा चेहरा दुकानात हवी ती वस्तू संपली म्हणून सांगितलेल्या बाईसारखा होता.

“आई,” तो म्हणाला, “मी...”

“कादंबरीच्या कपाटात ठेवलंय का?” तिनं दीक्षाला विचारलं.

“हो, आज सकाळीच हलवलं.”

“मग द्या मला. घरी न्यायचंय.”

तिचं सभासदत्व कधीच संपलं होतं. नवीन घ्यावं लागणार होतं, आणि नव्या प्रणालीत सभासद करायचं दीक्षाला अजून जमत नव्हतं. ती अवघडून श्रेणिककडं बघू लागली. तो खुर्चीवर बसला. आई समोर उभी होती. त्यानं बस म्हटलं, ती बसली नाही. त्यानं नाव, पत्ता, वय लिहिलं. मग ‘सोलापूरचं तिकीट’चा दाखल क्रमांक घातला आणि वाचकाच्या रकान्यात पद्मावती आदिनाथ मगदूम. यंत्रानं क्षणभर घेतलं आणि नोंद मान्य केली. त्या पुस्तकापुढं ते नाव यंत्राला फक्त याच जागी चालणार होतं.

दीक्षानं पुस्तक आणून दिलं. पाठीवर कादंबरीची नवी चिठ्ठी होती, तिचा डिंक अजून ओला होता. आईनं ती अंगठ्यानं नीट दाबून बसवली आणि पुस्तक पिशवीत घातलं.

“परत कधी आणायचं?” तिनं विचारलं.

“सात दिवसांनी,” श्रेणिक म्हणाला.